अर्धी गोळी

"आई, तू ऑपरेशनच्या आवाजात बोलू नकोस ना," असं ताई मागच्या सीटवरून म्हणाली, तेव्हा आम्ही अजून शहराबाहेरही पडलो नव्हतो. सकाळचे साडेसहा वाजले होते, शेवटच्या मोठ्या चौकातला सिग्नल लाल होता, आणि मी मागे वळून दोघांना सांगत होते की बघा आता कशी मज्जा येणार आहे, नऊ तास म्हणजे काहीच नाहीत, एक झोप काढली की पोचलोच. तिच्या सुरात तक्रार नव्हती. पंखा जरा कमी कर, असं आपण म्हणतो तसं तिनं म्हटलं आणि ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. सिग्नल हिरवा झाला. नवऱ्यानं गाडी पुढे काढली. मी सरळ बसले, पट्टा नीट केला आणि पुढचं वाक्य मनातल्या मनात बोलून बघितलं. तेही त्याच आवाजात आलं. माझा दुसरा आवाज कसा आहे हे मला काही केल्या आठवेना.

मी भूल देते. लहान मुलांना. गेली चौदा वर्षं माझा दिवस कुणाच्या तरी रडण्यानं सुरू होतो आणि ते रडणं थांबवणं हे माझं काम असतं. कापणं, शिवणं हे दुसऱ्यांचं. मी उशाशी बसते. आईच्या कडेवरून उतरवलेलं पोर टेबलावर येतं, वरचे दिवे बघतं, हिरव्या कपड्यांतली माणसं बघतं, आणि मी त्याच्या कानाशी बोलायला लागते: विमान, बस, मांजर, काय आवडतं त्याला ते. आवाज खाली, शब्द सावकाश, प्रत्येक वाक्याचा शेवट जरा उतरता. मास्क नाकाशी येईपर्यंत ते मांजराच्या शेपटीत अडकलेलं असतं. आपल्या भाषेत हा शब्द मोठा सोयीचा आहे. भूल दिली म्हणजे शुद्ध घालवली, भूल पाडली म्हणजे नादी लावलं, आणि भूल झाली म्हणजे चुकलं. माझ्या दारावरच्या पाटीवर यातला पहिलाच अर्थ आहे. ताईच्या टॉन्सिल्स काढल्या तेव्हा ती सहा वर्षांची होती. घरच्या माणसाला आपण भूल द्यायची नसते, म्हणून मास्क माझ्या सहकाऱ्यानं धरला होता. मी फक्त बोलत होते. स्ट्रॉबेरीचा वास येईल म्हणून सांगितलं होतं. शुद्धीवर आल्यावर तिनं मला एवढंच सांगितलं की वास रबराचा होता. रडली नाही. वॉर्डातल्या नर्स म्हणाल्या, किती समजूतदार आहे हो तुमची मुलगी, आणि मी ते घरी येऊन नवऱ्याला कौतुकानं सांगितलं.

ताईला तिचं चांगलं नाव आहे, पण ते आता शाळेच्या दाखल्यावरच उरलंय. धाकटा झाला त्या दुपारी मी म्हटलं, ताई, ये, बाळाला बघ. तेव्हापासून ती ताई झाली ती झालीच. आम्हीही तिला ताईच म्हणतो, वॉचमन ताई म्हणतो, माझी आई फोनवर ताई कुठाय विचारते. तेव्हा ती चार वर्षांची होती. आता नऊची आहे. धाकटा पाच वर्षांचा आहे आणि त्याचं नाव भोंगा पडलंय, ते का हे आमच्या इमारतीत कुणालाही विचारा. तो रडायला लागला की वरच्या मजल्यावर खिडक्या लागतात. त्याला दुकानातून, बागेतून, नातेवाइकांकडून हलवायचं म्हणजे नाकी नऊ येतात. त्याच्या मनाविरुद्ध काही करायचं तर आम्ही आधी दोन दिवस तयारी करतो. ताईच्या बाबतीत असली तयारी कधी करावी लागली नाही. तिला सांगितलं की ती करते. न सांगताही करते.

आम्ही माझ्या धाकट्या बहिणीकडे चाललो होतो. सुट्टीला, असं मुलांना सांगितलं होतं, आणि भोंग्यापुरतं ते खरंही होतं. ताईला आम्ही एक वर्ष मावशीकडे ठेवणार होतो. मला दूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात वर्षभराच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती. जन्मल्या जन्मल्या ज्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करावी लागते अशा बाळांना भूल द्यायची. दोनदा अर्ज परत आला होता, तिसऱ्यांदा घेतलं. राहायला एक खोली आणि खाली पाळणाघर, सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी. नवरा इमारतींच्या लिफ्ट तपासतो, महिन्यातले वीस दिवस तो कुठल्या ना कुठल्या गावातल्या कुठल्या ना कुठल्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असतो. तेव्हा भोंगा माझ्याबरोबर, ताई मावशीकडे, नवरा जमेल तसा दोन्हीकडे. बहिणीनं एका फोनमध्ये होकार दिला. तिच्या घरासमोरच्या शाळेत नावही घालून झालं होतं. ताईच्या बॅगेत वर सुट्टीचे कपडे होते आणि तळाशी मी तिचे स्वेटर आणि दोन जोडी शाळेचे बूट ठेवले होते. सगळं झालं होतं, फक्त तिला सांगायचं राहिलं होतं. आधी पोचू, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती रुळली की सांगू, असं आमचं ठरलं होतं. ठरवलं मी होतं, तो हो म्हणाला होता. मला ते वर्ष हवं होतं. ते मी कुणासाठी करते आहे, असलं काही मी स्वतःला सांगितलं नाही. मला हवं होतं.

तोवर नऊ तास मुलांना आनंदात ठेवायचं होतं. मी याचा तक्ता केला होता. ऑपरेशनच्या वेळी आमच्यापुढे एक तक्ता असतो, दर पाच मिनिटांनी त्यात नाडी, श्वास, दाब लिहायचा. तसाच वहीच्या पानावर आखला होता: दर चाळीस मिनिटांनी एक पुडी. बारा पुड्या वर्तमानपत्रात बांधून पायाशी पिशवीत ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर वेळ लिहिलेली. रंगीत खडू, चिकटचित्रं, गोगलगाईसारखी गुंडाळी होणारी मोजपट्टी, दोन भिंगं, खोडरबराचे प्राणी. मधल्या काळासाठी खेळ: लाल गाड्या मोजायच्या, पाटीवरचे आकडे जोडायचे, शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द. नवरा तक्ता बघून म्हणाला होता की हे काही प्रवासाला निघालेल्या घराचं लक्षण नाही. तो हसत होता, पण पहिल्या तासात भोंग्यानं चार पुड्या फोडल्या तेव्हा त्याचं हसू गेलं. चार पुड्या, मग लाल गाड्या, मग ताईची लाल गाडी मला का नाही दिसली यावरून भोकाड. ताईनं तिची गाडी त्याला देऊन टाकली. मोजलेली गाडी देऊन टाकता येते हे मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, ती तुझी होती, मी तुझ्या वतीनं मोजली, आणि तो गप्प झाला. मी आरशातून तिला हसून दाखवलं. ती माझ्याकडे बघत होती, पण हसली नाही. सिग्नलपासून ती अशीच बघत होती. तिनं विचारलं, मावशीकडे किती दिवस? मी म्हटलं, बघू या की, मज्जा आली तर भरपूर. तिनं विचारलं, भरपूर म्हणजे किती? मी पाचवी पुडी काढून तिच्या हातात दिली.

नऊ वाजता आम्ही एका पंपावर थांबलो आणि तिथे मी ते केलं. पुढे वळणांचा रस्ता आहे, उलटीची गोळी घेऊन टाका, असं मी मुलांना सांगितलं. पुढे वळणांचा रस्ता होता हे खरं. आमच्या मुलांना गाडी कधी लागत नाही हेही खरं. ती पिवळी गोळी उलटी थांबवते आणि झोप आणते, आणि मला झोप हवी होती. ताई सव्वीस किलो, भोंगा सतरा. मी वजनाप्रमाणे हिशोब केला, नखानं गोळी तोडली, तिला अर्धी, त्याला पाव. त्यात अपायाचं काही नव्हतं, कुणीही डॉक्टर हीच मात्रा लिहून देईल. पण हे लिहिताना मला दिसतं की माझ्या जागी कुणी शिक्षिका असती, शिंपीण असती, तर तिनं गाणी म्हटली असती, ओरडली असती, एक धपाटा घातला असता. प्रश्न विचारणाऱ्या पोरीला झोपवावं हे माझ्यासारखीलाच सुचतं. भोंग्यानं पाव गोळी साखरेबरोबर चावून खाल्ली. ताईनं अर्धी जिभेवर ठेवली, माझ्याकडे बघत पाणी प्यायली आणि तोंड उघडून दाखवलं, वॉर्डातली मुलं दाखवतात तसं. जिभेखाली बघायचं माझ्या मनात आलं नाही. भोंगा असता तर बघितलं असतं.

पावणेदहापर्यंत दोघं झोपली. माझा जीव भांड्यात पडला. मी पुढच्या काचेवरचा ऊन अडवायचा फळा खाली केला, त्यातल्या छोट्या आरशात दोघांची तोंडं दिसत होती, आणि सवयीनं तपासणी केली. झोपलेलं मूल आणि झोपेचं सोंग घेतलेलं मूल यातला फरक मला दारातून कळतो, अशी माझी ख्याती आहे. सोंग घेणारं मूल फार नीट झोपतं. डोळे घट्ट मिटतं, श्वास मोजून घेतं, सारखा आवंढा गिळतं. खऱ्या झोपेत माणूस गबाळा होतो. भोंगा तसा झाला होता, मान वाकडी, एक डोळा जरासा उघडा, बोटं सैल. ताईचं डोकं काचेला टेकलेलं होतं, ओठ उघडे, ओठाच्या कडेला थोडी लाळ, श्वास सोडल्यावर क्षणभर थांबून पुढचा श्वास. मी नवऱ्याला सांगितलं, गेली दोघं. हे शब्द आम्ही ऑपरेशनच्या वेळीही वापरतो. तिच्या शेजारीच नमुना झोपलेला होता आणि ती अंगानं, श्वासानं हुबेहूब त्याची नक्कल करत होती, हे मला नंतर समजलं.

दोन-अडीच तास आम्ही बोललो. किती महिन्यांनी असे बोललो असू. घरात मुलं जागी असतात, ती झोपली की आपण झोपतो. नवऱ्यानं एका जुन्या इमारतीतल्या लिफ्टची गोष्ट सांगितली, मी नव्या हॉस्पिटलची. मग तो म्हणाला, की त्याला रात्रभर वाटत होतं, आपण उलटं करायला हवं होतं का? धाकट्याला मावशीकडे, ताईला तुझ्याबरोबर? पाळणाघर नसलं तरी ती खोलीत एकटी बसेल, शाळा शोधता येईल. मी ताबडतोब म्हटलं, भोंगा राहील तिथे? दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन येईल, घेऊन जा म्हणून. तो म्हणाला, ते खरं. मी म्हटलं, आणि खोलीत हिला एकटीला ठेवण्यापेक्षा मावशी बरी. तो म्हणाला, तेही खरं. मग त्यानं विचारलं, "पण तिला काय वाटेल?"

"तिला काय वाटायचंय," मी म्हणाले. "समजूतदार आहे. दोन दिवस गप्प राहील, मग तिथे पण सगळ्यांची लाडकी होईल. तिचं काही नसतं."

तिचं काही नसतं. हे मी दहा वेळा म्हटलं असेल, शेजारणींना, शाळेत, फोनवर. जेवायला काय करू विचारणाऱ्या यजमानांना आपण सांगतो तसं, तिचं काही नसतं हो, काहीही खाते. नवरा हं म्हणाला. मी आरशात बघितलं. ओठांची कड, लाळ, श्वास, थांबणं, श्वास. मी निश्चिंतपणे पुढे बोलत राहिले, तिच्या खोलीतल्या पलंगाबद्दल, तो विकायचा की भोंग्याला द्यायचा याबद्दल. आमच्या व्यवसायात एका गोष्टीची भीती सगळ्यांनाच असते. माणूस झोपलाय असं यंत्रं सांगतात, स्नायू सैल असतात, हात हलत नाही, पापणी हलत नाही, आणि आत तो जागा असतो. हजारांत एखाद्या वेळी होतं. मी शिकत होते तेव्हा आमच्या एका म्हाताऱ्या रुग्णानं चौथ्या दिवशी सर्जनला विचारलं होतं, तुमच्या बागेतला नळ दुरुस्त झाला का? सर्जन पांढराफटक पडला होता. म्हाताऱ्याचं पोट उघडं असताना तो नळाबद्दलच बोलत होता. दुखलं का, असं कुणी तरी विचारलं, तर म्हातारा म्हणाला, दुखलं नाही, पण सगळे इतक्या आरामात बोलत होते की मला वाटलं मी तिथे नाहीच.

मी आठ वर्षांची असताना माझ्या याच बहिणीला मोठा ताप आला होता आणि ती महिनाभर दवाखान्यात होती. आईबाबा तिथेच राहात होते. मला खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे ठेवलं होतं. शिंपी आणि त्याची बायको, मूलबाळ नव्हतं, चांगली माणसं होती. त्यांच्या टॉवेलला वेगळा वास यायचा एवढंच मला खुपत होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. मी कापडाच्या चिंध्या रंगाप्रमाणे लावून ठेवायचे, ताट घासून ठेवायचे. संध्याकाळी लवकर आडवी व्हायचे आणि डोळे मिटून घ्यायचे, कारण मी झोपले असं वाटलं की ती दोघं बहिणीबद्दल बोलायची, आणि ती जगेल की नाही हे मला दुसरं कुणी सांगत नव्हतं. एकदा शिंप्याची बायको म्हणाली, पोरगी गुणाची आहे, घरात आहे की नाही हेसुद्धा कळत नाही. माझा तेव्हा ऊर भरून आला होता. बाबा न्यायला आले तेव्हा त्यांनी दारातच विचारलं, काही त्रास नाही ना दिला हिनं? छे छे, ती दोघं म्हणाली. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मी पुढे किती वर्षं वापरला असेल. वर्गात, वसतिगृहात, लग्नात, कुणाला माझा त्रास नाही. शेवटी कामसुद्धा असं शोधलं की मी नीट केलं तर मी तिथे होते हे कुणाला आठवू नये. तेव्हा ताईनं डोळे मिटल्यावर मला कळायला हवं होतं. सोंग घेतलेल्या झोपेची परीक्षा करायला माझ्याइतकं लायक कुणी नव्हतं आणि मी सपशेल नापास झाले.

एक वाजता जेवायला थांबलो. नवऱ्यानं भोंग्याला खांद्यावर टाकलं आणि तो आत गेला. मी ताईच्या बाजूचं दार उघडलं. तिचं डोकं हळूच काचेवरून माझ्या हातावर घेतलं आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं जबड्याच्या कोपऱ्याखाली ठेवली. यामागे काही विचार नव्हता. झोपलेल्या मुलाला मी असाच हात लावते, दुसऱ्या कुणी केसांवरून फिरवला असता. बोटांखाली नाडी लागली आणि मी थांबले. मनगटावरच्या घड्याळात पंधरा सेकंद मोजले, चारनं गुणलं. एकशे बत्तीस. झोपलेल्या नऊ वर्षांच्या मुलीची सत्तर-पंचाहत्तर असते. चेहरा तसाच होता, ओठ उघडे, श्वास संथ. नाडीचं सोंग घेता येत नाही. मी बोटं काढली नाहीत आणि तिनं डोळे उघडले नाहीत, आम्ही दोघी काही वेळ तशाच राहिलो. शेजारी एक ट्रक लागला, त्यातला माणूस उतरून आत गेला. मग तिनं डोळे उघडले, उजवी मूठ माझ्यापुढे धरली आणि उघडली. तळव्याला अर्धी गोळी चिकटली होती, कडा विरघळलेल्या, भोवती पिवळा डाग.

"कडू होती," ती म्हणाली.

मी ती गोळी रुमालात घेतली. तिचा तळवा ओल्या कापडानं पुसला. काय बोलले असते? तोंड उघडलं असतं तर तोच आवाज आला असता आणि त्याला ती सकाळीच ओळखून बसली होती. आम्ही आत जाऊन जेवलो. ती सगळं जेवली. भोंग्याला हात धुवायला घेऊन गेली, त्याच्या बाहीची घडी करून दिली, त्याला टेबलाखाली सापडलेलं झाकण त्यालाच ठेवू दिलं. बाबांना विचारलं, अजून किती राहिलं, आणि अडीच तास कळल्यावर म्हणाली, म्हणजे जास्त नाही. रोजच्यापेक्षाही नीट वागत होती. मी तिच्याकडे बघत होते आणि मला तिची भीती वाटत होती, हे सांगितलं पाहिजे. दया नंतर आली, आधी भीती. नवऱ्याला मी काही सांगितलं नाही. सांगायला तसा मोकळा क्षणही नव्हता आणि तो मी शोधलाही नाही.

पुढचे दोन तास मी एकही पुडी काढली नाही. भोंगा खिडकीतून झाडं मोजत होता आणि सात झाली की पुन्हा एकपासून सुरू करत होता. ताई पुढच्या रस्त्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ती हे गिळेल. मावशीच्या दारात सगळ्यांना हसून भेटेल, तिसऱ्या दिवशी मी सांगेन, ती हो म्हणेल, तिनं आधीच ऐकलंय हे माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही, आणि मीही ते कुणाला सांगणार नाही. ती ते सहज करू शकली असती. मला वर्ष मिळालं असतं. आणि खरं सांगायचं तर त्या दोन तासांत एक वेळ अशी आली की मी मनातल्या मनात तिला म्हणाले, गिळून टाक, एवढं एकदा गिळ. मग रस्त्यावर बहिणीच्या गावाची पहिली पाटी आली, अठरा किलोमीटर. पुढे बारा. त्या पाटीपाशी ताई बोलली. आवाज साधा होता, गणितातली शंका विचारावी तसा.

"आई, मी भोंग्यासारखं केलं असतं, तर मला नेलं असतं का?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मग आरशात. "ही जागी होती?" त्यानं विचारलं. माझ्याकडे तिच्यासाठी पुष्कळ उत्तरं होती. तसं नाही गं राणी. तू मोठी आहेस. मावशीला तूच हवी आहेस. ती सगळी उत्तरं उतरत्या सुरात, रांगेनं तयार होती, आणि त्यातलं प्रत्येक तिला पुढचे काही महिने पुरलं असतं.

"हो," मी म्हटलं. "तू तसं केलं असतंस तर नेलं असतं."

तिनं मान हलवली. थोडा वेळ ती विचार करत होती, ते मला फळ्याच्या आरशात दिसत होतं. मग तिनं तोंड उघडलं आणि एक आवाज काढला. आ, असा. लांब, सपाट. भोंगा झाडं मोजायचा थांबला. तिनं श्वास घेतला आणि पुन्हा काढला. तिला रडता येत नव्हतं. आवाज मध्येच तुटायचा, ती आरशात आमच्याकडे बघायची, आम्हाला फार लागलं तर नाही ना हे बघितल्यासारखं, आणि मग पुन्हा सुरुवात करायची. नऊ वर्षांच्या मुलीला हे सुरुवातीपासून शिकावं लागत होतं. मला माझे हात कुठे ठेवावेत ते कळेना. नवऱ्यानं वेग कमी केला. भोंगा पूर्ण तिच्याकडे वळून बसला होता. या विषयातला आमच्या घरातला तज्ज्ञ तोच होता, आणि त्यानं काही क्षण तिचं काम बघून घेतलं.

"असं नाही, ताई," तो म्हणाला. "पाय पण आपटायचे."

तिनं पाय आपटले. आधी चटईवर, हलके. मग माझ्या सीटच्या पाठीवर. एक लाथ, थांबून दुसरी, मग लागोपाठ. प्रत्येक लाथ बुटासकट माझ्या पाठीत बसत होती, कंबरेच्या जरा वर, डाव्या बाजूला, आणि मी सीट पुढे ओढली नाही. कुठल्या लाथेपासून ते खरं झालं मला सांगता येणार नाही. आवाज बदलला. तो आता तिच्या हातात राहिला नव्हता, त्यात शब्द येत होते आणि ते नीट लागत नव्हते. पलंग, माझा पलंग, असं काहीतरी ऐकू आलं, आणि पुन्हा नुसतं रडणं. असं रडणं मी रोज सकाळी ऐकते आणि मिनिटभरात थांबवते. माझी जीभ टाळूला लागली होती, विमान, मांजर, बस, काहीही निघालं असतं. मी ओठ मिटून बसले. मला ते वर्ष अजूनही हवं होतं. पाठीत लाथा बसत होत्या आणि हवं होतं.

गावाची कमान दिसली, तिच्या अलीकडे डाव्या हाताला बहिणीच्या घराकडे जाणारा रस्ता. बहिणीनं फोनवर सांगितलेली औषधांच्या दुकानाची पाटीही दिसली. नवऱ्यानं इंडिकेटर दिला.

"सरळ घे," मी म्हणाले.

"सरळ कुठे? सरळ काही नाहीये."

"कुठेही. तिचं होऊ दे आधी."

त्यानं क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग इंडिकेटर बंद केला. दुकान गेलं, कमान गेली, पाठोपाठ गावाची शेवटची घरं गेली. मी पट्टा सैल केला आणि दोन सीटांच्या मधून मागे वळले, हात लांब केला, आणि तिनं तो झिडकारला. मी तो तिथेच ठेवला. भोंगा घाबरून एका कोपऱ्यात सरकला होता आणि कधी नव्हे तो गप्प होता. ती रडत होती, नाक, डोळे, केस सगळं एक झालं होतं, आणि आता ती आरशात बघत नव्हती.